न वाजणारी फाइल

मागल्या उन्हाळ्यात रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यात जाण्याचा योग आला. तिथल्या प्राथमिक शाळेचे गुरुजी माझ्या परिचयाचे; शाळेला सुटी असूनही ते कार्यालयातच सापडले. समोर शाळेचा जुना संगणक चालू होता, आणि शेजारच्या खुर्चीवर, दवाखान्यात नंबर लावून बसावे तसे, गावचे एक साठीतले शेतकरी बसले होते. त्यांच्या हातात औषधाच्या पुडीसारखी कागदाची एक पुडी होती, आणि त्या पुडीत नखाएवढे मेमरी कार्ड.

हकिगत अशी. २००८ साली त्यांच्या मुलाने बटणांचा मोबाईल घेतला. नव्याची हौस म्हणून त्याने आजीच्या, म्हणजे या शेतकऱ्याच्या आईच्या, जात्यावरच्या ओव्या त्यात भरून घेतल्या. म्हातारी पुढल्या वर्षी वारली. मोबाईल केव्हाच मोडला, मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि हे कार्ड देवघरातल्या डबीत पडून राहिले.

गुरुजींनी कार्ड संगणकाला लावले तेव्हा अकरा फाइली दिसल्या. प्रत्येकीच्या नावाच्या शेवटी 'एएमआर' अशी अक्षरे. फाइलीवर दोनदा क्लिक केले की संगणक इंग्रजीत सांगे, ही फाइल चालवता येत नाही. पाच-सहा वेळा हा प्रयोग झाल्यावर गुरुजी म्हणाले, "फाइली करप्ट झाल्या, भाऊ. पुसून टाकतो. कार्ड रिकामं झालं की त्यात भजनं भरून देतो."

शेतकरी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माह्या मायचा आवाज हाये त्याच्यात, गुरुजी. वाजत नाही तं नाही वाजत. पुसू नोका."

श्रोतेहो, त्या दिवशी बरोबर बाजू त्या शेतकऱ्याची होती. फाइली न वाजण्याचे कारण फाइलींत नव्हते. त्या वाचू शकेल असे त्या संगणकात कोणी नव्हते. गुरुजींना मी दोष देत नाही. संगणकच अशा मोघम भाषेत बोलतो की ऐकणाऱ्याचा समज तसा व्हावा. परंतु या गैरसमजापायी खेडोपाडी किती लग्ने, किती कीर्तने, किती माणसांचे आवाज पुसले गेले असतील, याचा विचार मनात आला, आणि म्हणून आजचा हा विषय.

मी संगणकाचा तज्ज्ञ नव्हे; महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण जुने लेख पाहण्याची ज्याला सवय आहे, त्याला ही अडचण ओळखीची वाटते. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. १९३९ साली वाशीम येथे तांब्याचे चार पत्रे मिळाले. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, दिलेले ते दानपत्र आहे. सोळाशे वर्षांहून जुने. त्यावरची अक्षरे ब्राह्मीच्या एका खास वळणाची, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर लहानशी चौकट असलेली. हे पत्रे तुमच्या-माझ्यासारख्याच्या हाती आले असते तर आपण काय म्हटले असते? काहीतरी नक्षी दिसते, तांबे मात्र चांगले आहे. आणि एखाद्याने ते मोडीतही घातले असते. लेख जिथल्या तिथे होता. उणीव होती ती वाचणाराची. तो भेटला आणि वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासाला ठाऊक झाली.

या ताम्रपटाची आणखी एक मौज आहे, ती पुढे कामी येईल म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. पत्रे एकाच संचाचे, दान एकच, पण भाषा दोन. राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात. ज्याला नुसते संस्कृत येते, त्याला राजाचे आजोबा-पणजोबा समजतील. गाव कोणते दिले आणि कोणत्या अटींवर दिले, ते नीटसे समजणार नाही.

आता संगणकाकडे वळू. आवाज किंवा हलते चित्र संगणकात ठेवायचे म्हणजे त्याचे आकडे करून ठेवायचे. हे आकडे किती होतात, ते शिक्षक मंडळींनी फळ्यावर मांडून पाहावे. वर्गालाही गंमत वाटेल. पूर्ण आकाराच्या एका चित्रात आडव्या ओळीला १,९२० ठिपके, आणि अशा ओळी १,०८०. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन बाइट लागतात. म्हणजे एका चित्राला ६२ लाखांवर बाइट. सेकंदाला अशी पंचवीस चित्रे डोळ्यांसमोरून सरकली की ती हलती दिसतात. हिशेब मिनिटावर नेला की ९३३ कोटी बाइट होतात. सोळा जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये दोन मिनिटेसुद्धा मावायची नाहीत! आणि आपण तर तासाभराचा धडा एक-दोन जीबीत खिशात घालून हिंडतो. हे कसे?

तर फाइल करतानाच ते आकडे आवळून, संक्षेप करून, एका ठरावीक सांकेतिक पद्धतीने लिहिलेले असतात. लिहिणारा तो कोडर, आणि वाचताना तो संकेत उलगडून पुन्हा चित्र व आवाज उभा करणारा तो डिकोडर. या दोन इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरे जोडून 'कोडेक' हा शब्द झाला. आपल्याला तो लक्षात ठेवायला सोपा आहे: कोडे घालणारा आणि कोडे सोडवणारा असे दोघे मिळून कोडेक! ज्या पद्धतीने कोडे घातले, त्या पद्धतीने ते सोडवणारा संगणकात हजर पाहिजे. तो नसला की संगणक हात वर करतो.

हा संक्षेप कसा करतात, तेही पाहण्यासारखे आहे. शाळेचे हजेरीपत्रक किंवा तलाठ्याचे दप्तर आठवा. एकच मजकूर ओळीमागून ओळ येत असला की कारकून तो पुनःपुन्हा लिहीत नाही. खाली 'वरीलप्रमाणे' म्हणून मोकळा होतो. गुरुजी फळ्यासमोर उभे राहून शिकवत आहेत असे चित्रण समजा. फळा हलत नाही, भिंत हलत नाही, भिंतीवरचा नकाशा हलत नाही. हलतो तो गुरुजींचा हात. कोडेक पहिले चित्र पूर्ण लिहितो आणि पुढल्या चित्रांत लिहितो, 'हात एवढा सरकला, बाकी वरीलप्रमाणे.' मधूनमधून पुन्हा एक चित्र पूर्ण लिहून घेतो, कारण नुसत्या 'वरीलप्रमाणे'वर किती वेळ चालणार? कधी चित्र अडखळते, चौकोन चौकोन दिसू लागतात आणि क्षणभराने एकदम साफ होते, ते तुम्ही पाहिले असेल. तिथे 'वरील'च हरवलेले असते. पुढले पूर्ण चित्र आले की गाडी रुळावर येते.

आवाजाची युक्ती निराळी. वरातीत बँड वाजत असताना शेजारचा कुजबुजला तर ते ऐकू येत नाही. कानाला जे ऐकूच येणार नाही ते लिहायचे कशाला, या तत्त्वावर जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या मंडळींनी एमपी-३ ही पद्धत बांधली. कार्लहाइन्ज ब्रांडेनबुर्ग हे त्यांतले प्रमुख नाव. सीडीवरच्या गाण्याला मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा लागे, ती एमपी-३ने एक एमबीवर आणली. खेडोपाडी टपऱ्यांवर एका सीडीत दीडशे गाणी मिळू लागली ती यामुळेच.

आणि चित्राच्या संक्षेपाच्या मुळाशी आपल्या देशात जन्मलेला एक माणूस आहे. नसीर अहमद, जन्म बंगळूरचा, १९४० सालचा. पुढे अमेरिकेत कॅन्सास राज्यातल्या विद्यापीठात ते प्राध्यापक होते. चित्राचे लहान लहान चौकोन घेऊन त्यांतली ठळक बाजू आधी आणि बारकावे मागून मांडण्याचे एक गणित त्यांनी सुचवले आणि १९७२ साली त्यासाठी सरकारी विज्ञान-संस्थेकडे अनुदान मागितले. ते मिळाले नाही! त्यांनी काम तसेच चालवले आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ साली ते प्रसिद्ध केले. आज आपण पाहतो ती जेपीईजी छायाचित्रे आणि बहुतेक सगळ्या चित्रफिती याच गणिताच्या किंवा त्याच्या भाऊबंदांच्या आधारावर उभ्या आहेत. अनुदानाचा अर्ज नामंजूर झालेल्या शिक्षकांनी ही गोष्ट घरी जाऊन अवश्य सांगावी.

आता एक घोटाळा दूर केला पाहिजे. फाइलीच्या नावाच्या शेवटी असलेली अक्षरे, म्हणजे एव्हीआय, एमपी-४, एमकेव्ही, ही पुष्कळांना कोडेकची नावे वाटतात. ती पोत्यांची नावे आहेत. पोत्यात सोयाबीन आहे की तूर, हे पोते पाहून कसे कळणार? एव्हीआय हे पोते मायक्रोसॉफ्टने १९९२ साली शिवले. त्यात आजवर नाना तऱ्हेचे धान्य भरले गेले. एमपी-४च्या पोत्यात बहुधा एच.२६४ नावाच्या कोडेकचे चित्र असते, पण अलीकडच्या मोबाईलमध्ये त्याच पोत्यात एचईव्हीसी हे नवे वाण भरलेले सापडते. म्हणून 'ती एमपी-४ चालली, मग ही एमपी-४ का चालत नाही?' हा प्रश्न पडतो. काही लोक फाइलीचे नावच बदलून पाहतात. एमकेव्हीचे एमपी-४ करतात. पोत्यावर तुरीची चिठ्ठी लावून सोयाबीनची तूर होत नाही.

शिवाय एका पोत्यात दोन धान्ये असतात: चित्र एका कोडेकचे, आवाज दुसऱ्याचा. इथे आपला ताम्रपट आठवा. नुसते संस्कृत जाणणाऱ्याला अर्धाच मजकूर कळावा, तसे संगणकाला कधी आवाज कळतो आणि पडदा काळा राहतो. कधी चित्र दिसते आणि नट मुक्याने ओठ हलवतात. असे झाले की निदान सोपे आहे. जे दिसत वा ऐकू येत नाही, त्याचा डिकोडर नाही. फाइल बहुतेक धडधाकट आहे.

आपल्या घरातही याचा एक अनुभव तुम्ही घेतलेला आहे. दूरदर्शनची छत्रीवरची मोफत सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात. सुरुवातीचे डबे एमपेग-२ या कोडेकचे. पुढे त्याच छत्रीवर एमपेग-४मध्ये भरलेल्या वाहिन्या आल्या, आणि शेजाऱ्याकडे दिसणारी वाहिनी आपल्याकडे का दिसत नाही, यावरून घरोघरी छत्र्या हलवणे सुरू झाले. छत्रीचा काही दोष नव्हता. जुन्या डब्याला नवी भाषा येत नव्हती, आणि डब्याला ती शिकवताही येत नाही; डबाच बदलावा लागतो. संगणकाची गोष्ट मात्र बरी आहे. त्याला नवा डिकोडर शिकवता येतो, आणि तो बहुधा फुकट मिळतो.

मग कंपन्या आधीच सगळे डिकोडर घालून का देत नाहीत? पैशाचे कारण आहे. पुष्कळ कोडेकांवर पेटंटे असतात आणि ज्यांची ती असतात, त्यांना दर नगामागे काही द्यावे लागते. एमपी-३ची ही वसुली २०१७ सालच्या एप्रिलमध्ये थांबली. एचईव्हीसीची चालू आहे. विंडोजमध्ये तो भाग मायक्रोसॉफ्ट थोड्या किमतीला वेगळा विकते. डीव्हीडी चालवण्याची सोयही २०१२ च्या विंडोज-८पासून काढून टाकली गेली. त्यामुळे नवा संगणक आला आणि शाळेतल्या जुन्या डीव्हीडी 'बिघडल्या', असा चमत्कार अनेक शाळांत घडला. या कटकटीतून सुटण्यासाठी काही कंपन्यांनी मिळून २०१८ साली एव्ही-१ नावाचे विनामोबदला वापरण्याचे कोडेक काढले. ते हळूहळू रुजते आहे. तूर्त आपल्याला त्यात शिरायला नको.

आता काय करायचे ते सांगतो. पण त्याआधी काय करायचे नाही, ते. तुम्ही इंटरनेटवर एखादी चित्रफीत पाहायला जाता आणि पडद्यावर पाटी येते: 'हा व्हिडिओ पाहण्यासाठी कोडेक इन्स्टॉल करा, इथे क्लिक करा.' श्रोतेहो, तिथे क्लिक करू नका. २००५ च्या सुमारास झ्लॉब नावाचा एक उपद्रवी प्रोग्रॅम याच वेषात जगभर शिरला. कोडेक म्हणून आला आणि संगणकात बिऱ्हाड थाटून बसला. नाव बदलून असे पाहुणे आजही येतात. ज्या शाळेच्या संगणकावर विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, शिष्यवृत्तीची यादी आणि मुख्याध्यापकांची बँकेची कामे आहेत, तिथे असला पाहुणा शिरला तर काय होईल, ते मी वेगळे सांगायला नको. चित्रफीत पाहायची राहिली तरी चालेल.

करायचे ते एवढेच की व्हीएलसी नावाचा प्लेअर घ्यावा. याचे चिन्ह म्हणजे रस्त्याचे काम चालू असताना ठेवतात तसला नारिंगी शंकू. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली हे काम हाती घेतले आणि २००१ मध्ये ते सर्वांसाठी खुले केले. त्याला पैसे पडत नाहीत, त्यात जाहिराती नसतात, आणि बहुतेक सगळे डिकोडर त्याच्या पोटातच असतात; वेगळे काही शोधत बसावे लागत नाही. जुन्या विंडोज एक्सपीवरही तो चालतो, लिनक्सवर चालतो, मोबाईलवरही मिळतो. त्याची फाइल चाळीस-पंचेचाळीस एमबीची. गुरुजींनी ती एकदा उतरवून पेनड्राइव्हवर ठेवली तर केंद्रातल्या साऱ्या शाळांचे काम भागेल. ज्या शाळेला इंटरनेट नाही, तिथेही.

मात्र ती उतरवायची त्याच्या मूळ ठिकाणाहूनच: व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. हे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. २०२२ मध्ये हे संकेतस्थळ भारतात कित्येक महिने बंद होते. आपल्याला कोणतीही सूचना मिळाली नाही, असे ते चालवणाऱ्या संस्थेचे म्हणणे होते. तिने कायदेशीर नोटीस दिली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. मूळ दुकान बंद असले की लोक फाटक्यातुटक्या दुकानांतून माल आणतात. त्या काळात कुणी कुठून काय आणले असेल, सांगता येत नाही. तेव्हा तुमच्या संगणकावरचा व्हीएलसी त्या वर्षी कुणी 'कुठून तरी' आणून टाकलेला असेल, तर तो काढून मूळचा घालावा.

इन्स्टॉल करणे अगदी सोपे. फाइलीवर दोनदा क्लिक करावे, परवानगी मागेल ती द्यावी, आणि 'नेक्स्ट' म्हणत शेवटपर्यंत जावे. नंतर न वाजणाऱ्या फाइलीवर माउसचे उजवे बटण दाबून 'ओपन विथ'मध्ये व्हीएलसी निवडावा. फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे ही दोन बटणे एकत्र दाबली, तर पोत्यात कोणते धान्य आहे त्याची चिठ्ठी समोर येते: चित्राचा कोडेक अमुक, आवाजाचा तमुक. शिक्षकांनी ही सवय लावून घ्यावी.

एक अडचण राहते, तीही सांगतो. व्हीएलसीचे डिकोडर त्याच्या स्वतःपुरते असतात. शेजाऱ्याला ते उसने मिळत नाहीत. म्हणून व्हीएलसीवर चालणारी फीत पॉवरपॉइंटमध्ये घातली तर कदाचित चालणार नाही. अशा वेळी संगणकातच कोडेकांचे गाठोडे बसवण्याचा मार्ग आहे, के-लाइट हे त्यांतले माहितीचे नाव; पण माझे मत विचाराल तर शाळेने त्या भरीस पडू नये. हँडब्रेक नावाच्या मोफत प्रोग्रॅमने फितीची एक प्रत एच.२६४ मध्ये, एमपी-४च्या पोत्यात करून घ्यावी. ती पॉवरपॉइंटलाही चालते, शाळेच्या टीव्हीलाही बहुधा चालते. आणि मोबाईलवर नवीन चित्रण करणार असाल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा 'हाय एफिशिएन्सी' असेल ते बंद ठेवावे. जागा थोडी जास्त जाईल, पण संमेलनाच्या दिवशी पाहुण्यांसमोर फजिती होणार नाही.

हां, प्रत करावी असे मी म्हटले. मूळ फाइल मात्र पुसू नये. हे आवळण्याचे काम बहुतेक कोडेक काही तरी टाकून देऊनच करतात, आणि टाकलेले परत येत नाही. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की सात-बाऱ्यावरचे आकडे फिकट होत जातात, तसेच इथे होते. व्हॉट्सअॅपवरून चित्रफीत पाठवली की ती वाटेत पुन्हा एकदा आवळली जाते. लग्नातली फीत चार गटांतून फिरून आली की नवरदेवाच्या चेहऱ्याचा नुसता पुसट डाग राहतो, तो यामुळे. जपण्यासारखी फाइल पाठवायची असेल, तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. मग ती आहे तशी जाते.

त्या दिवशी माझ्या मोबाईलचे इंटरनेट संगणकाला जोडून आम्ही व्हीएलसी उतरवला. खेड्यातल्या रेंजवर त्याला पाऊण तास लागला. तेवढ्यात चहा झाला. शेतकरी दादांनी पुडीचा कागद घडी घालून खिशात ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

पहिली फाइल लावली आणि खोलीत आवाज आला.

मी गुरुजींना म्हटले, आवाज जरा वाढवा. बाईंचा गळा स्वच्छ येत होता, पण जाते मात्र दूर कुठे तरी फिरते आहे असे वाटत होते. त्याचे कारण एएमआर या कोडेकमध्येच आहे. तो टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी बांधलेला. १९९९ साली मोबाईलसाठी स्वीकारला गेला. माणसाचे बोलणे कळावे एवढाच पट्टा तो राखतो. त्यामुळे तीन मिनिटांची ओवी तीनशे केबीच्या आत बसते. पण जात्याची खोल घरघर त्याच्या लेखी बिनकामाची, ती त्याने बरीचशी गाळली आहे. ती आता कुणालाच परत आणता येणार नाही. २००८ साली त्या मोबाईलला दुसरे काही येत नव्हते, आणि मुलाने तेवढे तरी केले म्हणून ओवी राहिली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून एक लाखावर ओव्या जमवल्या. 'परी' या ग्रामीण संग्रहाच्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या आपल्याला वाचता-ऐकता येतात. त्या मोठ्या कामातही प्रत्येक ओवी अशीच कुठल्या तरी घरातून आलेली आहे.

अकरांपैकी नऊ फाइली वाजल्या. दोन वाजल्या नाहीत. हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, नाही तर तुम्ही म्हणाल, मास्तर सगळेच गोड करून सांगतात. त्या दोन फाइलींचा आकार पाहिला तर शून्य केबी. त्यांत काही लिहिलेच गेलेले नव्हते. भरताना मोबाईलची बॅटरी संपली असावी. अशी फाइल मात्र खरोखर गेलेली समजावी. म्हणून फाइल न वाजली की आधी तिचा आकार पाहायचा. आकार बरा आहे, तर वाचणारा शोधायचा. आकारच शून्य आहे, तर तिच्यामागे श्रम करू नयेत.

नऊही फाइलींच्या प्रती आम्ही संगणकावर, गुरुजींच्या पेनड्राइव्हवर आणि पुण्याच्या मुलाच्या मोबाईलवर, डॉक्युमेंट म्हणून, अशा तीन ठिकाणी ठेवल्या. नऊपैकी एका फाइलीत ओवी अर्ध्यावर थांबते आणि म्हातारी विचारते, "आलं का रे त्याच्यात?" नातू "हो" म्हणतो. ती फाइल दादांनी तीनदा लावायला सांगितली.

तुमच्या घरी लग्नाच्या जुन्या व्हीसीडी असतील, त्यांच्याविषयी थोडे सांगून थांबतो. या चकत्यांवर चित्रण एमपेग-१ कोडेकमध्ये असते. चकती संगणकात घालून उघडली की 'एमपीईजीएव्ही' नावाचे एक फोल्डर दिसते, आणि त्यात 'डॅट' अक्षरांनी संपणारी मोठी फाइल. तिच्यावर क्लिक करून काही होत नाही, म्हणून लोक चकती टाकून देतात किंवा शेतात पाखरे उडवायला बांधतात. ती फाइल व्हीएलसीने उघडते. चकत्यांचा वरचा थर मात्र दमट हवेत आणि उन्हात पोपडे धरतो, ओरखडे पडतात, आणि मग कोणताही डिकोडर कामाचा नाही. तेव्हा हे काम पुढल्या दिवाळीवर टाकू नये. चकतीवरची फाइल संगणकावर उतरवून घ्यावी आणि नावात वर्ष व माणसांची नावे घालावीत. नुसते 'शादी १' असे नाव ठेवलेल्या फाइली दहा वर्षांनी कुणालाच ओळखू येत नाहीत.

परवा त्याच गुरुजींचा फोन आला. शाळेचे जुने कपाट आवरताना त्यांना २००३ च्या स्नेहसंमेलनाची व्हीसीडी सापडली होती. चकती संगणकात घातली, फोल्डर उघडले, 'डॅट'ची फाइल दिसते आहे, पुढे काय करू, असे ते विचारत होते. मी म्हटले, "गुरुजी, आधी तिचा आकार सांगा."

"सहाशे एमबी."

"मग व्हीएलसी उघडा."